एसएटी, एसीटी, एपी... सगळं द्यायची गरज नाही

अगं, तुझा प्रश्न वाचला. नाशिकला अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड, बारावीनंतर अमेरिकेत कॉम्प्युटरला यायचंय आणि क्लासवाले म्हणतायत एसएटी, एसीटी (दोन्ही अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा), वर दोन-तीन एपी (एकेका विषयाच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) असं सगळंच देऊन टाक. मी न्यू जर्सीत आहे, दहा वर्षं झाली, आणि दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या माझ्या भाच्याचं हे सगळं इथे बसून मीच निस्तरलं, म्हणून सांगते, आधी कॉलेजांची यादी कर, मग परीक्षा ठरव.

कोविडात जवळपास सगळ्यांनी एसएटी ऑप्शनल केली होती, पण एमआयटीने 2022 मध्ये ती परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्डनेही तेच जाहीर केलं. येलला एसएटी, एसीटी, एपी, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) यातलं काहीतरी एक चालतं. जॉर्जिया टेक आणि पर्ड्यूलाही स्कोअर लागतो. आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), म्हणजे बर्कली, सॅन डिएगो वगैरे, ते प्रवेश देताना एसएटी बघतच नाहीत, 1600 पैकी 1600 मिळाले तरी. पण नुसत्या यूसीवर कोण थांबतं, त्यांची बाहेरच्यांसाठीची फी बघितलीस का?

म्हणजे एसएटी द्यावीच लागणार असं धर. एसीटी सोड, दोन्हींना सगळीकडे सारखाच मान आहे. मार्चची तारीख बारावीच्या बोर्डात अडकते, म्हणून अकरावी संपली की जून किंवा ऑगस्टला पहिली दे, ऑक्टोबर हातात ठेव, कारण अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीचे अर्ज बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबरला बंद होतात. भाच्याला पहिल्यांदा 1340 पडले, मॅथ्स 780 आणि इंग्लिश 560, आपल्या मुलांचं नेहमीचंच. मग दीड महिना रोज फक्त इंग्लिशचे छोटे उतारे सोडवले, दुसऱ्यांदा इंग्लिश 660 आणि मॅथ्स उलट 760 वर आलं, पण बरीच कॉलेजं दोन्ही वेळचं चांगलं तेवढं उचलतात, त्यामुळे हिशोब 1440 चा झाला. तिसऱ्यांदा बसायचं म्हणत होता, मी नाही म्हटलं, प्रत्येक वेळी शंभर डॉलरच्या वर जातात आणि तिकडे बोर्डाचा अभ्यास बोंबलतो.

दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी. फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच टाक, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, भाच्याने तसंच उतरवलं आणि ते बदलून घेण्यात आठवडा गेला. आणि परीक्षा लॅपटॉपवर असते, ब्लूबुक ॲप आधीच डाउनलोड करून सेटअप करावं लागतं. पठ्ठ्या जुना लॅपटॉप घेऊन गेला, दुसरं मोड्युल चालू असताना बॅटरी 15 टक्के, शेवटचे प्रश्न घड्याळाऐवजी बॅटरीकडे बघत सोडवले म्हणे 😅

एपीचं म्हणशील तर माझ्या मते देऊच नको. तुमच्या कॉलेजात ते शिकवत नाहीत हे इथल्या लोकांना कळतं, नसल्याचे मार्क कापत नाहीत. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे सीईटी-जेईईच्या धामधुमीत. कॅल्क्युलस आत्ता द्यायचं तर इंटिग्रेशन तुला बारावीत येणार, आणि बारावीनंतर दिलंस तर प्रवेशाचे निकाल तोवर लागलेले असतात. हां, तेव्हा 5 पैकी 4 किंवा 5 आला तर बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्या क्रेडिट देतात, म्हणजे एखादा विषय तिथे पुन्हा करावा लागत नाही, पण ते प्रवेश झाल्यावरचं.

जिथे खरंच ऑप्शनल आहे तिथे स्कोअर पाठवायचा का? कॉलेजच्या साइटवर प्रवेश मिळालेल्यांच्या स्कोअरचा मधला पट्टा दिलेला असतो, त्यात बसत असशील तर बिनधास्त पाठव. थोडा खाली असेल तर लगेच घाबरू नको, तो पट्टा फक्त स्कोअर पाठवणाऱ्यांचा असतो आणि चांगले आलेलेच पाठवतात, त्यामुळे तो फुगलेला दिसतो. स्कॉलरशिप स्कोअरवर मिळते का तेही बघ, भाच्याने एका ठिकाणी याचसाठी 1440 पाठवला.

टोफेल, म्हणजे इंग्लिशची परीक्षा, मात्र ऑप्शनल धरू नकोस. इंग्लिश मीडियमला काही ठिकाणी सूट आहे, पण काही ठिकाणी नाही. स्कोअर दोनच वर्षं चालतो, तेव्हा आत्ता नको, बारावीच्या ऑगस्ट-सप्टेंबरला दे. यादी झाली की इथेच टाक, मी बघते.