भुलीची भीती आणि काकाच्या ऑपरेशनची न सांगितलेली गोष्ट

लहान मुलाचं ऑपरेशन ठरलं की आईबाप ऑपरेशनबद्दल फार विचारतच नाहीत, सगळी भीती भुलीची. उठेल ना नीट? मेंदूवर काही होणार नाही ना? मी डॉक्टर नाही, मुलांच्या हॉस्पिटलात समुपदेशक आहे, भूलतज्ज्ञांच्या तपासणीआधी घरच्यांशी बोलायचं हे माझं काम, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच. ही केस त्यातलीच एक, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

साडेचार वर्षांचा मुलगा, टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकामागे वाढणारी गाठ) दोन्ही काढायचे होते. आई व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड घेऊनच आली होती, भूल दिली की मुलांची बुद्धी कमी होते असा. आता हे अगदी हवेतून आलेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ च्या शेवटी इशारा दिलेला आहे, पण तो ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली तर त्याबद्दल आहे. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं! त्याच सुमाराचा एक मोठा अभ्यास आहे, ७ देशांतल्या २८ हॉस्पिटलांत हर्नियाचं ऑपरेशन लागलेली ७२२ तान्ही बाळं घेतली, अर्ध्यांना पूर्ण भूल दिली आणि अर्ध्यांना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला, मग २ वर्षांची आणि ५ वर्षांची झाल्यावर त्यांना तपासलं, तर दोन्ही गटांत बुद्धीचा फरक सापडला नाही. पूर्ण भूल तासाभराच्या आतबाहेरच होती. तुमचा मुलगा साडेचारचा, ऑपरेशनही लांबलचक नाही, एवढं सांगितल्यावर बाईंचे खांदे जरा खाली आले.

पण माझं खरं काम इथून पुढे सुरू होतं, कारण जे भुलीला खरंच महत्त्वाचं असतं ते लोक आपणहून सांगतच नाहीत, लपवायचं असतं असं नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

उदाहरणार्थ सर्दी. विचारलं तर आई म्हणाली, "त्याचं नाक तर कायमच वाहतं हो." बरोबर, अॅडेनॉइडच्या मुलांचं वाहतंच. म्हणून मी नेहमीचं वाहणं की नवीन सर्दी असं फोडून विचारते, रंग बदललाय का, रात्री खोकला वाढलाय का, ताप येऊन गेला का. तेव्हा सोबत आलेली आजी म्हणाली की चार दिवसांपूर्वी अंग गरम होतं, पिवळा शेंबूड आहे आणि छातीत घरघर पण वाजते. आईने तिच्याकडे असं बघितलं की काय सांगू, तारीख पुढे जाईल याची धास्ती. पण असल्या सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, भूल देताना किंवा उतरताना स्वरयंत्र एकदम आवळून श्वास अडकू शकतो, म्हणून डॉक्टर दोनतीन आठवडे थांबतात. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर हा धोका अजून वाढतो, हे ऐकून बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

मग माझा ठरलेला प्रश्न, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? आई नाही म्हणाली, बाबाही नाही म्हणाले. मी आजीला वेगळ्या शब्दांत विचारलं की कुणाच्या ऑपरेशनमध्ये काही विचित्र झालं होतं का, कुणाला ताप चढला, अंग ताठ झालं, कुणी वेळेवर उठलं नाही असं? आजी म्हणाली, "तसं नाही गं बाई, माझ्या धाकट्याचं, म्हणजे याच्या काकाचं, अपेंडिक्स काढलं ना, तेव्हा ऑपरेशन झालं तरी तीनचार तास त्याला श्वासच घेता येईना, मशिनवर ठेवला होता. डॉक्टरच तसला होता तो, भूल जास्त दिली." ही गोष्ट आईच्या लग्नाआधीची, तिला पत्ताच नाही, आणि बाबांच्या डोक्यात ती चुकलेल्या डॉक्टरची गोष्ट म्हणूनच बसलेली, मुलाच्या भुलीशी तिचा काही संबंध असेल हे सुचणार कसं?

मी तिथेच थांबले आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून भूलतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्यांनी मग सगळ्यांना बसवून समजावलं. श्वासनळीत नळी घालताना स्नायू सैल करायला स्कोलीन म्हणून एक इंजेक्शन वापरतात, ते रक्तातल्या एका एन्झाइममुळे पाचदहा मिनिटांत संपतं. काही लोकांत ते एन्झाइम जन्मापासून कमी किंवा बिघडलेलं असतं, मग तोच नेहमीचा डोस तासन् तास उतरत नाही, माणसाला स्वतः श्वास घेता येत नाही आणि उतरेपर्यंत व्हेंटिलेटरवर झोपवून ठेवावं लागतं. हे रक्ताच्या नात्यात येतं. आर्य वैश्य समाजात याचं प्रमाण जास्त असल्याचं माहीत आहे, म्हणून भूलतज्ज्ञाने कधी समाज विचारला तर राग मानू नका, त्यामागे हे असतं, आणि इतरांना होत नाही असंही नाही.

आजीचा पहिला प्रश्न, "म्हणजे त्या डॉक्टरची चूक नव्हती?" मॅडम म्हणाल्या, तेव्हाचे कागद बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगताय ते या आजारात अगदी बसतं.

सर्दीमुळे तारीख पुढे गेलीच होती, त्या वेळात काकाची आणि मुलाची त्या एन्झाइमसाठी रक्ततपासणी झाली. काकाची पातळी अगदीच कमी आली, मुलाची थोडी कमी. तसंही स्कोलीन वापरायचं नाही हे मॅडमनी आधीच ठरवलं होतं, दुसरी औषधं आहेत. काकाला स्कोलीन चालत नाही हे त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवायला लावला, कारण अपघातात बेशुद्ध आणलेला माणूस स्वतः काय सांगणार. काकाच्या मुलांच्या तपासण्याही करून घ्यायला सांगितलं.

त्या दोन आठवड्यांत बाकीचंही बोलून झालं. गाडी लागते का विचारलं, तर घाटात दर वेळी पिशवी धरावी लागते म्हणे. अशा मुलांना भुलीनंतर उलट्या जास्त होतात, टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये तर होतातच, म्हणून डॉक्टर आधीच उलटीची दोन औषधं देतात. रात्री घोरताना श्वास मधेच थांबतो हेही लिहून घेतलं, अशा मुलांना दुखण्याची जड औषधं कमी डोसमध्ये द्यावी लागतात. आणि उपाशी ठेवायचं ते, जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत (काही ठिकाणी आता १ तासापर्यंतही देतात, तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा). चहात बुडवलेली खारी हे जेवणच असतं आणि दुधाचा चहा हे दूधच, हे मी आजीकडे बघून दोनदा सांगितलं, कारण "लेकरू उपाशी कसं ठेवू" म्हणत पहाटे गुपचूप भरवणाऱ्या आज्या मी खूप बघितल्यात. भुलीत पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जातं. पण रात्रीपासून पाण्याचा थेंब द्यायचा नाही हेही चुकीचं, पोर कोरडं पडतं आणि चिडचिडं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगा जागा झाला तो किंचाळतच, आईला ओळखेना, सलाईन ओढायला लागला. गॅसची भूल उतरताना या वयात असं बरेचदा होतं, डॉक्टर त्यासाठी शेवटी औषध देतात, घबराट कमी असेल तर प्रमाणही कमी होतं, पण दर वेळी टळतंच असं नाही. आईला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ती मेंदूला काही झालं असं समजून कोसळली नाही, त्याला धरून बसली, अर्ध्या तासात तो पाणी मागायला लागला.

तिसऱ्या दिवशी तिने एका खोकल्याच्या बाटलीचा फोटो पाठवला, घरात होती, देऊ का? मी डॉक्टरांना दाखवला, त्यात कोडीन (खोकला दाबणारं अफूच्या वर्गातलं औषध) होतं, ते म्हणाले अजिबात नाही. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं फार पटकन मॉर्फीन होतं आणि श्वास मंदावतो, टॉन्सिलनंतर मुलं दगावल्यामुळे अमेरिकेत २०१३ मध्येच त्यावर कडक इशारा आला. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे लिहून दिलंय तेवढंच, ठरलेल्या वेळेला द्या, दुखायची वाट बघू नका, आणि मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास अडकत असेल किंवा तोंडातून ताजं रक्त येत असेल तर मला मेसेज करत बसू नका, सरळ घेऊन या.