अँडुरिलच्या टॉर्चमध्ये रोजच्या वापरासाठी ब्राइटनेसच्या पातळ्या कशा ठरवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेलचा, अँडुरिल २ हे सॉफ्टवेअर असलेला टॉर्च घेतलाय. घरात, सोसायटीच्या जिन्यात, गावी गेल्यावर शेताच्या वाटेवर आणि अधूनमधून रात्रीच्या ट्रेकला वापरायचा आहे. बटण दाबलं की कधी डोळे दिपतात, कधी मिणमिणता लागतो. पातळ्या किती ठेवाव्यात आणि कुठे?

बहुतेक जण वरून सुरुवात करतात. टर्बो, म्हणजे सगळ्यांत जास्त उजेड, किती आणि तो किती लांब जातो, हे आधी बघतात. रोजच्या वापरात महत्त्वाच्या गोष्टी दोनच असतात: सगळ्यांत खालची पातळी, आणि अंधारात पहिल्यांदा बटण दाबल्यावर लागणारी पातळी. या दोन नीट बसल्या की बाकीचं आपोआप जुळतं. म्हणून खालून वर या.

अँडुरिल हे टॉयकीपर या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने केलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. एमिसार डी४व्ही२, वर्कोस टीएस१०, सोफर्नचा एलटी१ कंदील अशा बऱ्याच दिव्यांमध्ये ते असतं. त्यात १ ते १५० अशा पातळ्या आहेत, पण हे आकडे लुमेनच्या, म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाच्या, प्रमाणात नाहीत. ते डोळ्याला चढण एकसारखी वाटावी अशा बेताने बसवलेले आहेत. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला लुमेन चौपट तरी लागतात. त्यामुळे पातळी ७५ म्हणजे निम्मा उजेड असं समजू नका, ती निम्म्याच्या पुष्कळ खाली असते. शिवाय एका टॉर्चची पातळी ४० दुसऱ्या टॉर्चच्या ४० सारखी दिसेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या कोणाचे आकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही. आपल्या डोळ्यांनी, रात्री, जिथे वापरायचा तिथेच बघून ठरवा.

फॅक्टरीतून टॉर्च सिंपल यूआयमध्ये, म्हणजे बटण वापरायच्या सोप्या पद्धतीत, येतो. त्यात रॅम्पची (उजेड कमी-जास्त होण्याच्या चढणीची) सेटिंग बदलता येत नाहीत. टॉर्च बंद असताना दहा क्लिक करा आणि दहावं दाबून धरा, की अ‍ॅडव्हान्स्ड यूआय चालू होतं. आधीच अ‍ॅडव्हान्स्डमध्ये असाल तर याच दाबाने सिंपल यूआयची सेटिंग उघडतात. तसं झालं तर काही न दाबता थांबा, टॉर्च स्वतःच बाहेर पडतो.

आता टॉर्च चालू करा. चालू असताना तीन क्लिक केले की रॅम्प सलग चढण आणि ठरावीक पायऱ्या यांत आलटून पालटून बदलतो. रोजच्या वापराला मी पायऱ्याच सुचवेन. सलग रॅम्पमध्ये प्रत्येक वेळी हवा तो उजेड शोधत बसावं लागतं. पायऱ्यांमध्ये हाताला सवय होते, अंधारात न बघता किती वेळ दाबायचं हे बोटांना कळतं. दोन्ही रॅम्पची सेटिंग वेगवेगळी साठवली जातात आणि बदल चालू असलेल्या रॅम्पलाच लागू होतात. "सेट केलं पण काही बदललंच नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं: पायऱ्या बदलायच्या होत्या आणि बदलला सलग रॅम्प.

पायऱ्यांमध्ये आल्यावर सात क्लिक, सातवं दाबून धरायचं. एक लुकलुक झाल्यावर सोडलं तर फ्लोअर, म्हणजे खालची मर्यादा, ठरवता येते. दुसऱ्या लुकलुकीवर सोडलं तर सीलिंग, म्हणजे वरची मर्यादा. तिसऱ्यावर सोडलं तर पायऱ्यांची संख्या. (सलग रॅम्पमध्ये तिसऱ्या जागी चढण्याचा वेग असतो.) बटण सोडल्यावर उजेड थरथरायला लागतो, म्हणजे टॉर्च आकड्याची वाट बघतोय. एक क्लिक म्हणजे १, एक लांब दाब म्हणजे १०. फ्लोअरला सरळ पातळीचा आकडा द्यायचा. सीलिंगचा हिशेब मात्र वरून खाली: १५१ मधून तुमचा आकडा वजा. १२० हवी असेल तर ३१ द्यायचे, म्हणजे तीन लांब दाब आणि एक क्लिक. इथे लोक १२० क्लिक करायला जातात आणि सीलिंग ३१ वर जाऊन बसते.

फ्लोअर ठरवायला दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं अंधारात बसा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव काही सेकंदांच्या झगझगीत उजेडाने जातो. मध्यरात्री पाणी प्यायला उठणाऱ्या माणसाचे डोळे याच अवस्थेत असतात. त्या वेळी अर्धा ते एक लुमेनही पुरतो: गादीची कड, चपला, दाराची कडी दिसते आणि शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही. फ्लोअर आधी १ वर ठेवून बघा, मग ५, मग १०. काही टॉर्चमध्ये पातळी १ फडफडते किंवा सेल उतरला की लागतच नाही. तसं दिसलं तर दोन-तीन पातळ्या वर या. दिवसा उजेडात बघून फ्लोअर ठरवलात तर तो हमखास जास्त ठेवला जाईल.

सीलिंगचा प्रश्न उष्णतेचा आहे. हातात मावणारा अ‍ॅल्युमिनियमचा टॉर्च साधारण तीनशे ते सहाशे लुमेनच टिकवून धरू शकतो. त्यापुढचे हजारो लुमेन मिनिटभराचे. टॉर्च तापला की सॉफ्टवेअर उजेड उतरवतं, मूळ मर्यादा ४५ अंशांची असते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे रात्रीही हवा तापलेली असते, तेव्हा तो लवकर उतरणारच. तो दोष नाही. उजेड कमी होतो म्हणून ही मर्यादा वाढवू नका, हात आणि सेल दोन्हींसाठी ती असते. सीलिंग अशा ठिकाणी ठेवा की पाच-दहा मिनिटं चालवूनही टॉर्च हातात धरवेल. बऱ्याच टॉर्चमध्ये ही जागा ११० ते १२५ च्या आसपास सापडते. टर्बो यामुळे हरवत नाही: बहुतेक आवृत्त्यांत दोन क्लिकने सीलिंग लागते आणि सीलिंगवर असताना पुन्हा दोन क्लिक केले की टर्बो.

पायऱ्या पाच ठेवा. फ्लोअर १०, सीलिंग १२० आणि पायऱ्या पाच असतील तर टॉर्च समान अंतराने १०, ३७, ६५, ९२, १२० अशा पातळ्या काढतो. सात ठेवल्या तर शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही आणि नुसतंच दाबत राहावं लागतं. तीन ठेवल्या तर मधली पायरी घरात जास्त आणि वाटेवर कमी पडते.

कुठे किती लागतं याचा माझा अंदाज सांगतो. कपाटात, गाडीच्या सीटखाली, मीटरच्या पेटीत बघायला १० ते ३० लुमेन. जवळून पांढऱ्या कागदावर जास्त उजेड मारला तर अक्षरंच दिसत नाहीत. वीज गेल्यावर टॉर्च टेबलावर उभा करून पांढऱ्या छतावर मारा, दीडशे-दोनशे लुमेनमध्ये दहा बाय दहाची खोली वावरण्याइतकी उजळते. याला चार्ज किती लागतो तेही बघा. बऱ्याच टॉर्चमध्ये एएमसी७१३५ ही चिप असते, ती सुमारे ३५० मिलीअँपिअर देते आणि त्यात सव्वाशे-दीडशे लुमेन मिळतात. ३००० एमएएचचा सेल त्यावर आठ तासांच्या आसपास जातो. सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर तो घेऊ नका. चांगल्या कंपनीचे १८६५० सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतात, एवढा मोठा आकडा खोटाच असतो.

शेताच्या वाटेवर कंजूसपणा नको. फुरसं वाळक्या पाल्यात आणि दगडांत रंगाने मिसळून जातं आणि मण्यार तर रात्रीच फिरते. पायापासून चार-पाच मीटरपर्यंतची जमीन सलग दिसली पाहिजे, त्याला शंभर ते दोनशे लुमेन धरा. झोत अरुंद असेल तर लुमेन वाढवून उपयोग होत नाही, लांबवर एक पांढरा ठिपका पडतो आणि पायाशी अंधार राहतो. अशा टॉर्चवर काचेला चिकटवायची धुरकट डिफ्यूझर फिल्म लावा.

पावसाळी ट्रेकला धुक्यात उलटं करायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरलेला असताना जास्त उजेड टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते. एक पायरी खाली या आणि टॉर्च डोळ्यांपाशी न धरता कमरेखाली धरा, म्हणजे परत येणारा उजेड नजरेच्या रेषेत येत नाही.

आता पहिल्या दाबाचं. अँडुरिल मुळात शेवटची वापरलेली पातळी लक्षात ठेवतं. संध्याकाळी वाटेवर सीलिंगवर वापरून बंद केलात, तर रात्री दोनला तीच डोळ्यांवर येणार. तुमचे डोळे दिपतात ते यामुळे. उपाय असा: तळापासून दुसऱ्या पायरीवर या आणि टॉर्च चालू असतानाच दहा क्लिक करा. ती पातळी कायमची साठवली जाते. हे दहा क्लिक बंद टॉर्चवर केले तर सिंपल यूआय चालू होतं, एवढं सांभाळा. नंतर चालू टॉर्चवर दहा क्लिक करून दहावं धरून ठेवा आणि दुसऱ्या लुकलुकीवर सोडा. इथे मिनिटं देता येतात. १० दिलेत तर दहा मिनिटांच्या आत पुन्हा लावल्यास शेवटची पातळी येते, त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर तुमची साठवलेली. वाटेत थांबत-लावत जाणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. नको झालं तर याच मेनूत पहिल्या लुकलुकीवर सोडा, साठवलेली पातळी निघते. बंद टॉर्चवर बटण नुसतं दाबून धरलं की मात्र नेहमी फ्लोअरच लागतो, झोपेत तोच वापरा.

खिशात किंवा सॅकमध्ये टाकताना बंद टॉर्चवर चार क्लिक करून कुलूप लावा. टर्बोवर चुकून लागलेला टॉर्च कापड जाळू शकतो. कुलूप असतानाही बटण धरलं की मंद उजेड मिळतो. तीन क्लिकने कुलूप निघतं, चार क्लिकने निघून टॉर्च लागतो.

घरात आई-बाबा किंवा मुलं वापरणार असतील तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, बंद टॉर्चवर, दहा क्लिक करून दहावं धरा आणि सिंपल यूआयची वेगळी सीलिंग शंभरच्या आसपास ठेवा. मग बंद टॉर्चवरच दहा क्लिक. तुमची सेटिंग जशीच्या तशी राहतात. सगळंच बिघडलं तर बऱ्याच टॉर्चमध्ये बंद असताना तेरा क्लिक करून तेरावं धरून ठेवलं की फॅक्टरी सेटिंग परत येतात.