‘खाजवू नको’ दिवसातून किती वेळा म्हणता?

“हिला सांगून सांगून जीभ झिजली बघा मॅडम, तरी खाजवणं सोडत नाही.” बेळगावात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. मुलाला अ‍ॅटोपिक एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून सतत खाजणारा आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. घरात मात्र खाजवणं म्हणजे हट्ट, वाईट खोड, नाहीतर ‘सगळं मनाचं’.

अशीच एक दहावीतली मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वडगावातलं यंत्रमागाचं घर. कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यामागे कातडी जाड, काळपट झालेली. उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. बोलत होती ती आईच. कडुलिंबाच्या पाल्याच्या कढत पाण्यानं अंघोळ झाली, वांगी-अंडी बंद झाली, चुलत्यानं मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब झाली. आत्यानं तर टॉवेल वेगळा ठेवायला लावला होता. हा आजार स्पर्शानं पसरत नाही, हे त्या घरात कुणी ठामपणे सांगितलंच नव्हतं. ते मी आधी सांगितलं.

बोलणं चालू असताना आई मध्येच “हात काढ” म्हणायची. हात निघायचा आणि मानेवर जायचा. पुन्हा “हात काढ”. मुलीपेक्षा मी या दोन शब्दांकडेच बघत राहिले. शेवटी खणातलं जप मोजायचं यंत्र काढून आईच्या बोटात चढवलं. “ताई, तिचं खाजवणं मोजायचं नाही. तुम्ही ‘खाजवू नको’ म्हणालात की बटण दाबायचं.”

पुढच्या वेळी त्यांनी बसायच्या आधीच यंत्र टेबलावर ठेवलं.

“एका रविवारात एकशे बारा! जपाची माळ पुरी होऊन वर चार उरले की.”

मुलगी खुदकन हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “अभ्यासात कधी कधी खाज विसरते मी. आई म्हणाली की परत आठवते. मग बाथरूमची कडी लावून खाजवते.”

आई गप्प झाली. मीही घाई केली नाही. औषधांच्या यादीतून जे कळलं नसतं ते या तीन वाक्यांत आलं होतं. मनाई केली की लक्ष नेमकं त्या जागी जातं; शरमेनं अंग तापतं, घाम येतो आणि खाज वाढते. शिवाय ‘नको’ म्हटल्यानं हाताला दुसरं काम मिळत नाही.

मानसोपचारात मी वर्तन बदलण्याच्या बाजूची. मुळापाशी पोचायला वर्षं घालवण्यापेक्षा हाताला काम द्यावं, असं माझं मत. सहकारी यावरून चिडवतात, चिडवोत. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली सवयी बदलण्याची जी रीत मांडली, तीच पुढे एक्झिमाच्या खाजेसाठीही वापरली गेली. खाज आली की मूठ घट्ट आवळून अर्धा मिनिट धरायची. तरी राहवलं नाही तर नख न लावता तळव्यानं ती जागा दाबायची. आईनं बोलायचं नाही. फार तर हातात काम द्यायचं. या घरात ते मटार सोलण्यापासून सुरू झालं.

पण नुसत्या मुठीनं भागत नाही. या आजारात कातडीचा वरचा थर ओल धरत नाही, खाजवलं की तो आणखी फाटतो, सूज येते आणि पुन्हा खाज. म्हणून पाणी कोमट, अंघोळ थोडक्यात, अंग टिपल्याबरोबर ओल धरून ठेवणारं साधं मलम. नखं बारीक, कपडे सुती. स्टेरॉइडच्या नावाला घाबरून डॉक्टरांचं मलम अर्ध्यात सोडू नका. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढं हे स्टेरॉइडचं मलम त्याच माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आणि त्या चुलत्याची ट्यूब फेकाच. अनेक औषधं एकत्र केलेल्या अशा मिश्र ट्यूबमध्येही बरेचदा स्टेरॉइड असतं, तेही कुणाच्या देखरेखीविना. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय खाण्यातला कुठलाही पदार्थ बंद करू नका, वाढत्या वयात अंगाला तो लागतो.

मुलीची खाज गेली नाही. हा आजार कमी-जास्त होत राहतो, परीक्षेच्या दिवसांत ती परत वाढली. पण कडी लावणं थांबलं, झोप सुधारली. आईनं यंत्र परत दिलं नाही. आता म्हणे सासूबाईंच्या बोटात असतं.

पिवळा स्राव, ताप किंवा एकाएकी दुखरे फोड दिसले, तर मात्र माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.