कॉर्ड मेलडी: सुरुवातीला तीनच स्वर
भावा, कॉर्ड मेलडी म्हणजे गिटारवर चाल आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकदमच वाजवणं. त्यासाठी कॉर्डचे तक्ते पाठ करायच्या मागं लागू नकोस, नवी पोरं तिथंच दमतात. आधी नुसती चाल पहिल्या दोन, म्हणजे सगळ्यात बारीक तारांवर बसव. रंकाळ्यावर फिरतानाही ती गुणगुणत राहा.

मग खाली कॉर्डचे तीन स्वर: रूट (ज्यावर कॉर्ड उभी असते तो मूळ स्वर), आणि त्यापासून मोजून तिसरा आणि सातवा. पाचवा सोडला तरी चालतो. डी मायनर सेव्हन धर: रूट पाचव्या तारेवर, चौथीवर तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचा खण), तिसरीवर पाचवा. जी सेव्हनला रूट सहाव्या तारेवर न्यायचा आणि तिसरी तार एक फ्रेट मागं. सी मेजर सेव्हनला रूट परत पाचवीवर, चौथी एक मागं. एवढ्याशा हालचालीत गाणं घरी येतं! मला हे उमगलं त्या रात्री मी झोपलोच नाही.

प्रत्येक स्वराखाली कॉर्ड नको, चार मात्रांत एक पुरे. ड्रॉप टू, म्हणजे कॉर्डचा वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली नेणं, ते नंतर बघू.