कूलर धुतला, पण मोजला का?

प्रश्न: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट जळाल्या म्हणून तो पूर्ण बांधून घेतला. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांत मेकॅनिकने फक्त हवा मारली. तेवढं पुरतं का?

उत्तर: नाही पुरत. रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या बऱ्याच कूलरच्या आत तेल घुसळलं जावं म्हणून पत्र्याच्या खाचेदार पट्ट्या असतात. जळालेल्या प्लेटांचा काळा गाळ आणि धातूचा चुरा त्यांच्या मागे बसतो. हवा मोकळ्या वाटेने निघून जाते, गाळ तसाच राहतो. गाडी चालून तेल तापलं की तो सुटायला लागतो. बहुतेक गिअरबॉक्समध्ये कूलरहून परतणारं तेल गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधल्या फिल्टरकडे जात नाही, थेट बुश आणि प्लॅनेटरी गिअरांच्या वंगणाला जातं. म्हणजे जुन्या गिअरबॉक्सचा चुरा सरळ नव्याच्या पोटात.

धुण्याची सुरुवात उलट दिशेने करा. नेहमी ज्या तोंडातून तेल बाहेर पडतं, त्यातून कूलर धुण्याचं द्रावण आत सोडा. गाळ आत आला त्याच वाटेने लवकर बाहेर पडतो. दुसऱ्या टोकाला पारदर्शक पाइप लावून त्याच्या तोंडाशी पांढरं कापड धरा. कापडावर काळी भुकटी किंवा चमचमणारे कण येणं थांबेपर्यंत चालू ठेवा, मग दिशा बदलून पुन्हा तेच. हवेचा दाब 40 पीएसआयच्या वर नेऊ नका, टाकीतल्या कूलरचे जोड दाबाने फुटतात. पाणी, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही वापरू नका. शेवटी हवेने द्रावणाचा थेंब न् थेंब काढा आणि त्याच गाडीला चालणारं साधारण 1 लिटर नवं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कूलरमधून ढकलून बाहेर टाका. हे एटीएफ परत वापरायचं नाही. द्रावण आत राहिलं तर नव्या क्लच प्लेट आणि सील दोन्हींवर परिणाम होतो.

रेडिएटरचा नट सोडताना दोन पाने लावा: एकाने टाकीवरचा अडॅप्टर धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला की अडॅप्टरसकट आतला कूलर पिळला जातो.

एक अपवाद. बाहेर लावलेला थरांचा ॲल्युमिनियम कूलर असेल आणि गिअरबॉक्समधला धातू झिजून तुटलेला असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका. अशा कूलरच्या बारीक वाटा पूर्ण स्वच्छ झाल्या की नाही हे कळायला मार्ग नाही. नवाच बसवा.

आता कूलरमधून परत येणाऱ्या तेलाची मोजणी. ही न करता गाडी ताब्यात घेऊ नका. परतीचा पाइप गिअरबॉक्सपाशी सोडवून खुणा असलेल्या कॅनमध्ये घाला. तेलाची पातळी बरोबर हवी, चाकांना अडण लावलेली हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. एकाने इंजिन आयडलवर सुरू करावं, दुसऱ्याने घड्याळ बघावं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड), आणि म्हणून कूलरलाही, तेलच मिळत नाही. 20 सेकंदांत निदान 1 लिटर तेल यायला हवं. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. 20 सेकंद झाले की इंजिन बंद करा, नाहीतर पंप कोरडा ओढेल. जेवढं निघालं तेवढं लगेच परत भरा.

प्रश्न: आमच्याकडे 20 सेकंदांत जेमतेम अर्धा लिटर आलं. कूलरच बदलावा का?

उत्तर: आधी दोष कुठे आहे ते शोधा. गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणारा पाइप सोडवून हीच मोजणी तिथे करा. तिथे धार भरपूर आणि कूलरनंतर कमी, तर अडथळा कूलरमध्ये किंवा पाइपांत आहे. जॅक लावताना चेपलेला धातूचा पाइप बघा. रबरी होजही बघा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं बसलेलं असू शकतं. दोन्ही ठिकाणी धार कमी असेल तर कूलर निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. मग तेलाची पातळी, फिल्टर, पंप आणि प्रेशर रेग्युलेटर वाल्व तपासा. धारेत सतत बुडबुडे असतील तर पातळी कमी आहे किंवा फिल्टरच्या सीलमधून हवा ओढली जाते आहे. सुरुवातीचे काही सेकंद बुडबुडे आले तर ती पाइपांतली हवा, तिची काळजी नको.

आणखी एक गोष्ट: मोजताना तेल किती गरम होतं? पुष्कळ नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट असतो, तो थंड तेल कूलरकडे जाऊच देत नाही. तेल गाडी चालवण्याच्या तापमानाला आणून पुन्हा मोजा. अशा गाडीतले कितीतरी चांगले कूलर थंड मोजणीमुळे भंगारात गेले असतील.

प्रश्न: डिपस्टिकला गुलाबी, दुधासारखं तेल लागतं. कूलर धुऊन भागेल का?

उत्तर: नाही. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलं आहे. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब उतरतो, रेडिएटरमधला दाब मात्र टिकून असतो, आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. गाडी सुरू करू नका, ढकलून किंवा उचलून न्या. रेडिएटर नवा लागेल. कूलंटमधल्या पाण्यामुळे आणि ग्लायकॉलमुळे क्लच प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो, त्यामुळे गिअरबॉक्स खोलून प्लेट बदलाव्या लागतात आणि कन्व्हर्टरही. नुसतं तेल बदलून गाडी काही दिवस चालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अस्तर सुटत असतं.

प्रश्न: बाहेरून फिल्टर लावायचा तर कुठल्या पाइपावर?

उत्तर: परतीच्या, कूलरनंतरच्या. बाणाची दिशा गिअरबॉक्सकडे. चुंबक असलेला आणि आत बायपास वाल्व असलेला घ्या. बायपास नसेल तर फिल्टर तुंबताच वंगण बंद पडतं. नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्सवरचा पहिला फिल्टर हजार-दीड हजार किलोमीटरला काढून कापून बघा. चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट चालते. नखाला टोचणारे तुकडे दिसले तर चेंबर उघडायला लावा.