वाचक विचारतात : छोटा लायडार सेन्सर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं टीएफ-लुना आणि व्हीएल५३एल०एक्स या दोन सेन्सरबद्दल आहेत. दोन्ही लायडार, म्हणजे प्रकाशाच्या परतीच्या प्रवासावरून अंतर काढणारे, पण टीएफ-लुनाचा झोत जेमतेम २ अंशांचा असतो आणि दुसऱ्याचा सुमारे २५ अंशांचा.

प्रश्न : टीएफ-लुना अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला आहे. सॉफ्टवेअर सिरीयलवर कधी बरोबर अंतर येतं, कधी काहीही आकडे येतात. सेन्सर खराब असेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

सेन्सर बहुधा ठणठणीत आहे. सॉफ्टवेअर सिरीयलमध्ये येणारे बिट प्रोग्रॅमच मोजतो. टीएफ-लुना कारखान्यातून ११५२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) येतो. त्या वेगाला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे उनोच्या १६ मेगाहर्ट्झ घड्याळाचे जेमतेम १३९ ठोके. तेवढ्यात मिलिसेकंद मोजणारा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा व्यत्यय) मध्ये आला की बिट हुकतो. उनोचं एकमेव हार्डवेअर सिरीयल यूएसबीशी वाटून घेतलेलं असल्यामुळे तेही सोयीचं नाही. तेव्हा सरळ आय-टू-सी (दोन तारांवरची, पत्त्यावर चालणारी जोडणी) वापरा.

त्यासाठी पाचवी पिन वीज देण्याच्या *आधी* ग्राउंडला जोडा. ती मोकळी राहिली तर सेन्सर सिरीयलमध्येच उठतो. पहिली पिन ५ व्होल्टला, चौथी ग्राउंडला, दुसरी एसडीए (डेटा) म्हणून ए४ ला, तिसरी एससीएल (घड्याळ) म्हणून ए५ ला. पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) १०. सेन्सरला पुरवठा ३.७ ते ५.२ व्होल्टचा लागतो, पण त्याच्या डेटा पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. उनोची वायर लायब्ररी आतल्या पुल-अपनी (तार वर ओढणारे रोधक) त्या तारा ५ व्होल्टकडे ओढते, म्हणून मध्ये बीएसएस१३८ चा लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेज जुळवणारा) घालावा. तारांच्या रंगावर विसंबू नका, पिन क्रमांक पाहूनच जोडा. उलटी जोडणी हा सेन्सर सोसत नाही.

उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड हाताशी असेल तर सिरीयलच ठेवा. त्याचं सिरीयल-२ हार्डवेअरचं आहे आणि पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे शिफ्टर लागत नाही. मात्र सेन्सरला वीज ५ व्होल्टच्या पिनेवरून द्या, ३.३ वरून नाही.

सिरीयलवर येणारी चौकट, म्हणजे एका मापाची माहिती, ९ बाइटची असते : आधी दोनदा हेक्स ५९, मग अंतराचे दोन, सिग्नलच्या ताकदीचे दोन, तापमानाचे दोन आणि शेवटी तपासबेरीज. प्रत्येक जोडीत खालचा बाइट आधी येतो. अंतर '२सी ०१' आलं तर ४४ + २५६ = ३०० सेंटिमीटर. तपासबेरीज म्हणजे पहिल्या आठ बाइटच्या बेरजेचा खालचा बाइट. ती पडताळण्याचा कंटाळा करू नका, कारण ताकदीचे दोन बाइटही कधी '५९ ५९' असू शकतात आणि मग प्रोग्रॅम चौकटीच्या मधूनच वाचायला लागतो.

आणि अंतर वाचाल तेव्हा ताकदही वाचा. ती १०० च्या खाली असेल किंवा ६५५३५ असेल, तर ते अंतर फेकून द्या. पहिल्यात प्रकाश पुरेसा परत आलेला नसतो, दुसऱ्यात इतका आलेला असतो की प्रकाश टिपणारा भाग भरून वाहतो. नुसतं अंतर वाचणारे बरेच प्रोग्रॅम दिसतात, आणि येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

प्रश्न : छतावरच्या प्लास्टिकच्या टाकीतली पाण्याची पातळी टीएफ-लुनाने मोजायची आहे. टाकी भरत असताना अंतर कमी व्हायला हवं, ते वाढतं! (वाचक, सोलापूर)

तुमचं निरीक्षण अचूक आहे. स्वच्छ, संथ पाण्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण २ टक्केच वरून परततो, तोही सेन्सर अगदी काटकोनात असेल तरच. बाकीचा आत शिरून तळावर आपटतो. पाण्यात प्रकाशाचा वेग १.३३ पटीने कमी, त्यामुळे तेवढंच अंतर सेन्सरला लांब वाटतं. तळापासून १२० सेंमी उंचीवर सेन्सर बसवला आणि पाणी ३० सेंमी असलं, तर हवेतले ९० आणि पाण्यातले ३० ऐवजी ४०, असे १३० दिसतील. रिकाम्या टाकीपेक्षा जास्त! पाणी आणखी चढलं की ८५० नॅनोमीटरचा हा प्रकाश पाण्यातच शोषला जातो, ताकद घसरते आणि अंतर शून्य येतं.

उपाय आहे, पण खटपटीचा. टाकीत ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा करा, खाली पाणी आत येण्यासाठी भोकं पाडा आणि आत पांढरा, चकाकी नसलेला, हवाबंद प्लास्टिकचा तरंगता तुकडा सोडा. पिण्याच्या पाण्यात थर्माकोल नको, त्याचे कण सुटतात. सेन्सर पाइपच्या बरोबर मध्यावर बसवा. १२० सेंमीवर झोताचा ठिपका सुमारे ४ सेंमीचा होतो. सेन्सर दीड अंश कलला तरी तो पाइपच्या भिंतीला लागतो. टाकी काठोकाठ भरल्यावरही तरंगत्या तुकड्यापासून सेन्सर २० सेंमीहून दूर राहायला हवा, त्याच्या आतलं त्याला मोजता येत नाही. भिंगावर वाफ धरते, तेही अधूनमधून पुसावं लागेल.

आमचं स्पष्ट मत : या कामाला लायडार नको. या सेन्सरची अचूकता ३ मीटरपर्यंत ±६ सेंमी आहे. टाकीचा तळ १ चौरस मीटरचा असेल तर ६ सेंमी म्हणजे ६० लिटर. जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याने न बिघडणारा, ध्वनीने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. पाण्याचा पृष्ठभाग ध्वनीला चांगला परतवतो. त्यालाही वरचे २५ सेंमी मोकळे ठेवा.

प्रश्न : पार्किंगमध्ये गाडी भिंतीपासून किती लांब आहे ते दाखवणारं यंत्र केलं. पांढऱ्या गाडीला चालतं, काळ्या गाडीला ३ मीटरवर शून्य दाखवतं. दुपारी तर दोन्हींना बिघडतं. (वाचक, पिंपरी)

टीएफ-लुनाचे ८ मीटर हे ९० टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागासाठी आहेत. १० टक्केवाल्यासाठी मर्यादा २.५ मीटर. शिवाय गाडीचा चकचकीत रंग प्रकाश भलतीकडे फेकतो. खासगी गाडीची पांढरी नंबर प्लेट नेम धरायला उत्तम, फक्त जवळ आल्यावर ती प्रकाश इतका परतवते की ताकद ६५५३५ होऊ शकते. तसं झालं तर सेन्सर थोडा तिरका करा.

दुपारचा बिघाड उन्हाचा. सेन्सर ७० हजार लक्सपर्यंत तग धरतो, आणि थेट ऊन १ लाखाच्या आसपास जातं. सेन्सरला सावली पुरत नाही, ज्या पृष्ठभागावर नेम आहे तिथलं ऊन टाळा. प्रोग्रॅममध्ये पाच वाचनांपैकी मधलं घ्या. सरासरी घेऊ नका, एक शून्य मध्ये आलं तरी ती बिघडते.

प्रश्न : दोन व्हीएल५३एल०एक्स एकाच उनोवर चालत नाहीत. (वाचक, बेळगाव)

दोघांचा पत्ता एकच, हेक्स २९. दोन्ही एक्सशट पिना (सेन्सर बंद ठेवणाऱ्या) लो, म्हणजे शून्य व्होल्टला, करा, मग पहिली सोडा, त्या सेन्सरला नवा पत्ता द्या, त्यानंतर दुसरी सोडा. वीज गेली की नवा पत्ता पुसला जातो, म्हणून हे प्रत्येक वेळी सेटअपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, व्हायला हवं. एक्सशटला उनोचे ५ व्होल्ट देऊ नका : बंद करताना पिन आउटपुट-लो ठेवा, सोडताना इनपुट करा, मॉड्यूलवरचा पुल-अप बाकीचं काम करतो. आणि सेन्सरवरची पातळ संरक्षक पट्टी काढली आहे ना, तेही पाहा.