लेकीला खगोलशास्त्रज्ञ करायचंय!

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, फिजिक्समध्ये 71 गुण. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेला एचएच 211 या बालताऱ्याच्या झोतांचा फोटो मोठा करून तिच्या खोलीत लावला, दुर्बीणही आणून दिली. रात्रभर असे रंगीत तेजोमेघ बघायचे, यापेक्षा सुंदर नोकरी कोणती? ती मात्र इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअरिंग म्हणते, बंद पडलेली उपकरणं खोलत बसते. तिला कसं समजवावं? – एक वडील, सांगली

उत्तर : 71 गुणांची काळजी सोडा. खटकलं ते ‘कसं समजवावं’. तिचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. ‘डॉक्टरच हो’ म्हणणाऱ्या बापापेक्षा तुमची सक्ती जरा देखणी आहे, इतकंच.

आता तो फोटो. तसं दृश्य कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ययाति तारकासमूहात, सुमारे 1000 प्रकाशवर्षांवर, धुळीत दडलेल्या बालताऱ्यातून दोन्ही बाजूंना झोत सुटलेत. ते भोवतालच्या वायूवर आदळतात, हायड्रोजनचे रेणू 2000 केल्विनच्या आसपास तापतात आणि 2.12 मायक्रॉनवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, चमकतात. फिल्टरमधून येते ती कृष्णधवल प्रतिमा. रंग मागाहून भरलेले. जमिनीवरून हे टिपायचं तर आकाशच अवरक्तात उजळलेलं असतं. म्हणून छोटी छोटी एक्स्पोजर घ्यायची, दर वेळी दुर्बीण थोडी सरकवायची आणि आकाशाचा उजेड किती, ते त्यांतूनच ठरवून वजा करायचा. नवखे इथेच फसतात : तेजोमेघाने सगळी चौकट व्यापली असेल तर तोच ‘आकाश’ म्हणून वजा होतो. अशा वेळी बाजूच्या मोकळ्या आकाशाची वेगळी एक्स्पोजर घ्यावी लागतात. मग 2.12 च्या अरुंद फिल्टरमधल्या प्रतिमेतून के पट्ट्याची (त्याच भागातल्या रुंद फिल्टरची) प्रतिमा, ताऱ्यांचं तेज जुळवून, वजा करतात. नुसता परावर्तित प्रकाश असलेला तेजोमेघ पुसला जातो, झोताच्या चमकत्या गाठी उरतात. दोन प्रतिमा घेताना हवा सारखी स्थिर नसेल तर प्रत्येक ताऱ्याभोवती कडं राहतं. त्याला गाठ समजलात की निष्कर्षच चुकला. हे सगळं महिनोन्महिने संगणकासमोर. नाद असेल त्याला यात स्वर्ग आहे. नुसता फोटो आवडला म्हणून आलेल्याला शिक्षा.

माहिती असावी म्हणून प्रवेशपरीक्षा : आयसर या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी, तशाच नायसरसाठी नेस्ट, बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट. पण या परीक्षा तिने मागितलेल्या नाहीत.

ती जे खोलत बसते, त्याचीही या शास्त्राला गरज आहे. अवरक्त कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होतो. म्हणून त्यातला प्रकाश टिपणारा डिटेक्टर निर्वात डब्यात ठेवून द्रव नायट्रोजनने उणे 196 अंशांच्या आसपास थंड करतात. डबा जरा गळला की आत बाष्प शिरून बर्फ धरतो आणि नायट्रोजन भराभर उडून जातो. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेची अशी दोन अवरक्त उपकरणं आहेत : टिरस्पेक लडाखात हानलेच्या 2 मीटर दुर्बिणीवर आहे, टॅनस्पेक नैनितालजवळ देवस्थळच्या 3.6 मीटरवर. अशा उपकरणांना निर्वात, शीतकरण, इलेक्ट्रॉनिक्स कळणारी माणसं लागतातच.

मात्र हे वाचून ‘मग याच उपकरणांची इंजिनीअर हो’ असं तिच्या मागे लागू नका, हात जोडतो. तिला साखर कारखान्यातले सेन्सर आणि व्हॉल्व्ह सांभाळायचे असतील, तर तेही चोख काम आहे. सीईटीनंतर कॉलेजांचा पसंतीक्रम तिला एकटीला भरू द्या. पासवर्ड तिच्याकडेच राहू दे.

फोटो तुमच्या खोलीत हलवा. दुर्बीण विकू नका, तुम्हीच वापरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री मृग नक्षत्रातल्या तलवारीवर (ओळीतल्या तीन ठळक ताऱ्यांखालच्या अंधूक ओळीवर) रोखा. तेजोमेघ दिसेल, करडा दिसेल.